यूजनेटला ओहोटी का लागली

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी गूगलने आपल्या 'गूगल ग्रुप्स' या सेवेची यूजनेटशी, म्हणजे जगभरच्या संगणकांवरून चालणाऱ्या लेखी चर्चांच्या जुन्या जाळ्याशी, असलेली जोडणी तोडली. त्या दिवसापासून तेथून यूजनेटवर नवा मजकूर पाठवता येत नाही आणि इतरांनी लिहिलेला नवा मजकूर तेथे येतही नाही. जुना साठा तेवढा वाचण्यासाठी ठेवलेला आहे. बडोद्यात दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात दहा जणांना विचारले असते, तर यूजनेट म्हणजे काय हे सांगू शकणारा एखादाच निघाला असता, त्यामुळे या बातमीची कोणी फारशी दखल घेतली नाही यात नवल नाही. परंतु अनोळखी माणसांनी एकत्र येऊन चर्चा कशी करावी, त्या चर्चेत जाहिरातबाजांनी घुसखोरी केली तर काय करावे, फाइली एकमेकांना द्याव्यात की देऊ नयेत आणि या सगळ्याचा खर्च कोणी उचलावा, हे आज समाजमाध्यमांविषयी विचारले जाणारे जवळजवळ सगळे प्रश्न प्रथम यूजनेटवर उभे राहिले. त्यांतल्या काहींची उत्तरे मिळाली, आणि जे सुटले नाहीत त्यांनीच ही व्यवस्था पोखरली.

'नवे आले म्हणून जुने गेले' हे स्पष्टीकरण येथे पुरत नाही. दोन संगणकांमधील ईमेल १९७१ पासून आहे, म्हणजे ती यूजनेटपेक्षा वयाने मोठी आहे, आणि तरीही आज बँकेपासून शाळेपर्यंत कोणाचेही ईमेलवाचून चालत नाही. तेव्हा वय हे कारण नव्हे. कारण शोधायचे तर यूजनेट आतून कसे चालत असे हे आधी पाहावे लागेल.

१९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना युनिक्स ही संचालन-प्रणाली वापरणाऱ्या संगणकांमध्ये संदेशांची देवाणघेवाण घडवून आणण्याची कल्पना सुचली, आणि शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी त्यासाठी पहिला छोटा प्रोग्राम लिहिला. आजच्यासारखे इंटरनेट तेव्हा नव्हते. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे आर्पानेट होते, पण त्यात शिरकाव मोजक्याच संस्थांना होता. या मुलांच्या हाती होता साधा टेलिफोन. रात्री दर उतरल्यावर एक संगणक मोडेममधून दुसऱ्याला फोन लावी, दिवसभरात साठलेले संदेश देई, त्याच्याकडचे घेई आणि फोन ठेवून देई. सुरुवातीला यात फक्त तीन संगणक होते, आणि दिवसाला एखाद-दोन संदेश येतील अशी निर्मात्यांची अपेक्षा होती.

ही मांडणी नीट लक्षात घ्यावी, कारण पुढचे सगळे बरेवाईट तिच्यातूनच निघाले. यूजनेटला मुख्यालय नाही. एखाद्याने संदेश लिहिला की तो प्रथम त्याच्याच संस्थेच्या सर्व्हरवर, म्हणजे सर्वांसाठी मजकूर साठवणाऱ्या संगणकावर, ठेवला जातो. त्या सर्व्हरचे दोन-चार शेजारी ठरलेले असतात. तो त्यांना संदेश देतो, ते आपापल्या शेजाऱ्यांना देतात आणि अशा रीतीने काही तासांत किंवा दिवसांत, आणि पुढे इंटरनेट आल्यावर काही मिनिटांत, त्या संदेशाची एकेक प्रत जगभरच्या हजारो सर्व्हरवर जाऊन बसते. एकच संदेश दोन वाटांनी येऊन दोनदा साठवला जाऊ नये म्हणून प्रत्येक संदेशाला जगात दुसऱ्या कोणाचा नसेल असा ओळख-क्रमांक दिलेला असतो. शिवाय संदेशाच्या माथ्यावर 'पाथ' नावाची एक ओळ असते आणि संदेश ज्या ज्या सर्व्हरमधून गेला त्यांची नावे तिच्यात एकापुढे एक, उद्गारचिन्हांनी जोडलेली, वाढत जातात. स्वतःच्या शेजाऱ्याचे नाव त्या ओळीत आधीच दिसले, तर सर्व्हर त्याला तो संदेश देऊ करत नाही.

१९८६ मध्ये ब्रायन कँटर आणि फिल लॅप्सली यांनी या देवाणघेवाणीसाठी इंटरनेटवर चालणारा एक नियमसंच प्रसिद्ध केला. त्याला एनएनटीपी म्हणतात. त्यातले संभाषण जवळून पाहिले तर ते अगदी साधे आहे. एक सर्व्हर दुसऱ्याला 'आयहॅव' हा शब्द आणि संदेशाचा ओळख-क्रमांक पाठवतो, म्हणजे 'माझ्याकडे हा आहे, हवा का?' असे विचारतो. दुसऱ्याला हवा असेल तर तो ३३५ हा आकडा पाठवतो, नको असेल तर ४३५. पहिल्या उत्तरावर पूर्ण संदेश जातो, दुसऱ्यावर पुढच्या संदेशाची चौकशी सुरू होते. जगभरच्या चर्चा, भांडणे, पाककृती, संगणकाचे धडे आणि गाण्यांचे शब्द हे सगळे या एवढ्याशा प्रश्नोत्तरावर वर्षानुवर्षे वाहत राहिले.

बडोद्याच्या वाचकाला हे समजावण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात मोफत सार्वजनिक वाचनालयांची जी घडी बसवली, तिच्यात फिरती वाचनालयेही होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या मध्यवर्ती ठिकाणाहून गावोगाव जात आणि वाचून झाल्यावर परत येत. आता अशी कल्पना करावी की पेटी एका गावात पोहोचल्यावर त्या गावाने तिच्यातील प्रत्येक पुस्तकाची नक्कल करून स्वतःजवळ ठेवली आणि मगच पेटी पुढे धाडली. शिवाय कोणत्याही गावातील कोणीही पेटीत नवे पुस्तक टाकू शकत होता. यूजनेट असे होते. बडोद्याच्या पेट्यांना पाठवणारा एक होता, काय पाठवायचे हे ठरवणारा एक होता आणि खर्च संस्थानच्या तिजोरीतून होत असे. यूजनेटमध्ये या तिन्ही जागा रिकाम्या होत्या, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे सगळे मोठेपण आणि तिचा ऱ्हास या दोहोंचे मूळ त्या रिकाम्या जागांतच आहे.

मोठेपण आधी सांगतो. चर्चेचे विषय गटांत विभागलेले असत आणि गटाला 'न्यूजग्रुप' म्हणत. संगणकांसाठी 'कॉम्प', विज्ञानासाठी 'साय', समाज आणि संस्कृतीसाठी 'सॉक', करमणुकीसाठी 'रेक' अशा मोठ्या शाखा आणि त्यांना फुटलेल्या पोटशाखा होत्या. ६ ऑगस्ट १९९१ रोजी टिम बर्नर्स-ली यांनी 'वर्ल्ड वाइड वेब' या आपल्या प्रकल्पाची माहिती 'ऑल्ट डॉट हायपरटेक्स्ट' या गटात दिली. त्याच महिन्यात, २५ तारखेला, फिनलंडमधील लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने मिनिक्स या छोट्या संचालन-प्रणालीच्या गटात लिहिले की तो हौसेखातर एक संचालन-प्रणाली तयार करत आहे. तीच पुढे लिनक्स झाली. कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती, पैसे मोजावे लागत नव्हते, आणि लिहिणारा प्राध्यापक आहे की पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आहे हे त्याच्या मजकुरावरूनच कळत असे. नवख्यांनी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नयेत म्हणून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र करून ठराविक दिवसांनी गटात टाकण्याची पद्धत पडली. आज प्रत्येक कंपनीच्या संकेतस्थळावर दिसणारा 'एफएक्यू' हा प्रकार रूढ झाला तो तेथून.

मराठी माणूसही तेथे होता. 'सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन' हा भारतीयांचा मोठा गट होता आणि मराठीसाठी त्याचीच वेगळी शाखा होती. लिहिणारे बहुतांशी अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेले होते, कारण विद्यापीठाच्या संगणकावर यूजनेट त्यांना आपोआप मिळत असे. भारतात १९८६ पासून अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या माध्यमातून आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईची एनसीएसटी अशा मोजक्या संस्था जोडल्या जात होत्या. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तीही आधी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे. बडोद्यासारख्या शहरांत घरोघर जोडणी पोहोचेपर्यंत वेब आले होते, हॉटमेल आले होते, याहू आले होते. आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांनी इंटरनेट पाहिले तेच मुळी वेबच्या रूपात. एक पूर्ण टप्पा आपल्या डोक्यावरून गेला, आणि म्हणूनच त्याची ओहोटी आपल्याला जाणवली नाही.

आपल्या भाषेची एक अडचणही येथे नोंदवायला हवी. यूजनेटचे जुने प्रोग्राम इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांच्यापलीकडचे काही भरवशाने वाहून नेत नसत. मराठी लिहायची तर रोमन लिपीत लिहावी लागे. अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या आयट्रान्स या पद्धतीमुळे रोमन अक्षरांतून नेमके देवनागरी रूप छापणे शक्य झाले, आणि भारतीय संगीताच्या गटातील मंडळींनी याच पद्धतीने शेकडो गाण्यांचे शब्द टिपून ठेवले. हे काम चोख होते, त्यामागे अपार चिकाटी होती. पण दोन हजारनंतर युनिकोडमुळे, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीमुळे, वेबवर थेट देवनागरीत लिहिता येऊ लागले, तेव्हा रोमनमधून मराठी वाचण्याची कसरत कोणी करावी? मराठी चर्चा १९९६ मध्ये सुरू झालेल्या मायबोलीसारख्या संकेतस्थळांकडे आणि पुढे इतरत्र वळली ती या सोयीपायीसुद्धा.

खर्चाचा प्रश्न मात्र यूजनेटच्या जन्मापासूनच होता. फोनची बिले विद्यापीठे आणि काही मोठ्या कंपन्या भरत असत, आणि ती भरणाऱ्यांना आपण नेमके कशासाठी पैसे देतो याची पुष्कळदा कल्पनाही नसे. १९८७ च्या सुमारास सगळ्या गटांची नावे बदलून नवी रचना केली गेली. तिच्या कारणांपैकी एक असे होते की समुद्रापलीकडच्या महागड्या जोडणीवरून वादावादीचे गट आणायला युरोपातील सर्व्हर तयार नव्हते. नावावरून गट ओळखता आले तर नको ते वगळता येतील, असा हिशेब होता. नव्या रचनेत मोठ्या शाखांमध्ये गट काढायचा तर चर्चा आणि मतदान यांतून जावे लागे. ते ज्यांना मान्य नव्हते त्यांनी 'ऑल्ट' ही मोकळी शाखा काढली, आणि तेथे गट काढायला कोणाला विचारण्याची गरज उरली नाही. ही शाखा पुढे कळीची ठरणार होती.

पहिला मोठा धक्का माणसांच्या संख्येने दिला. अमेरिकेत दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवी मुले येत, त्यांना यूजनेट प्रथमच मिळे आणि महिना-दोन महिने ती वाटेल तिथे वाटेल ते लिहीत. जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवत आणि नाताळपर्यंत सारे स्थिरस्थावर होई. १९९३ च्या सप्टेंबरनंतर असे झाले नाही. व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेट द्यायला सुरुवात केली आणि १९९४ मध्ये एओएल या बड्या कंपनीचे ग्राहक लोंढ्याने आले. शिकवणारे तेवढेच होते आणि शिकणारे दररोज येत होते. जुन्या लोकांनी या काळाला 'कधीच न संपलेला सप्टेंबर' असे नाव दिले. त्यांचा त्रागा मी समजू शकतो, पण नव्या लोकांना दोष देणे मला पटत नाही. व्यवस्था सर्वांसाठी खुली आहे असे म्हणायचे आणि सर्व आले की नाक मुरडायचे, हे योग्य नव्हे. दोष असेल तर तो हा, की नव्यांना सामावून घेण्याचे काम कोणाचेच ठरलेले नव्हते.

दुसरा धक्का जाहिरातींचा. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेतील कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीसंबंधी आपल्या सेवेची जाहिरात साडेपाच हजारांहून अधिक गटांत टाकली. येथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. यूजनेटवर एकच संदेश अनेक गटांना उद्देशून पाठवण्याची रीतसर सोय होती. तसे केले की सर्व्हरवर त्याची एकच प्रत राहते आणि वाचकाने ती एका गटात वाचली की दुसऱ्या गटात ती पुन्हा समोर येत नाही. या दांपत्याने ती सोय वापरली नाही. प्रत्येक गटात स्वतंत्र प्रत टाकली, त्यामुळे जगातील प्रत्येक सर्व्हरला तोच मजकूर हजारो वेळा साठवावा लागला आणि वाचकाला तो जाईल तिथे दिसला. लोक संतापले, पण करणार काय? संदेश मागे घेण्याचा आदेश यूजनेटमध्ये होता. तो मूळ लेखकाने द्यावा असा संकेत होता, परंतु आदेश खरोखर त्याच्याकडूनच आला आहे याची पक्की खात्री करणारी यंत्रणा नव्हती. स्वयंसेवकांनी लेखकाच्या नावे आदेश पाठवून जाहिराती पुसायला सुरुवात केली, आणि त्याच पळवाटेचा फायदा घेऊन खोडसाळ लोक चांगले संदेशही पुसू लागले. तेव्हा अनेक सर्व्हरांनी असे आदेश पाळणेच बंद केले आणि जाहिरातबाजांना रान मोकळे मिळाले.

येथे ईमेलशी तुलना उपयोगी पडते. नकोशा जाहिरातींचा सुळसुळाट ईमेलवरही झाला. पण ईमेलमध्ये प्रत्येक पेटीला मालक असतो आणि ती पेटी सांभाळण्याचे पैसे कोणी तरी त्या मालकासाठी मोजत असतो. स्वतःच्या दारावर गाळणी बसवण्याचा त्याला अधिकारही असतो आणि कारणही असते. यूजनेटचा गट एकाच वेळी हजारो सर्व्हरवर नांदतो, म्हणून त्याच्या दाराशी कोणी उभा नसतो. वाचणाऱ्याने आपल्यापुरती नको त्या लेखकांची यादी करावी आणि त्यांचे लेखन डोळ्यांआड करावे, एवढेच त्याच्या हाती होते. काही गटांना संपादक होते आणि ते गट खरोखरच जास्त टिकले, पण रोज येणारा मजकूर विनामोबदला तपासत बसणारा माणूस वर्षानुवर्षे कुठून आणायचा?

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते चर्चेचे नव्हे तर फाइलींचे. यूजनेट अक्षरे वाहून नेण्यासाठी बनले होते. चित्र, गाणे किंवा प्रोग्राम म्हणजे अक्षरे नव्हेत, तो नुसता आकड्यांचा प्रवाह असतो. तो पाठवायचा तर आधी त्याला अक्षरांचा वेष चढवावा लागे. यासाठी १९८० मध्ये निघालेल्या यूयूएनकोड या पद्धतीत तीन बाइट मजकुराची चार अक्षरे होत, म्हणजे तीनशे किलोबाइटचे चित्र चारशेच्या वर जाई. २००१ मध्ये युर्गन हेल्बिंग यांनी काढलेल्या वायएन्क या पद्धतीने ही वाढ एक-दोन टक्क्यांवर आणली. पण एका संदेशाच्या लांबीलाही मर्यादा होती, त्यामुळे मोठ्या फाइलीचे तुकडे करावे लागत. सातशे मेगाबाइटची एक सीडी पाचशे किलोबाइटच्या तुकड्यांत पाठवायची तर सुमारे चौदाशे संदेश होतात. सर्व्हरांच्या त्या लांबलचक साखळीत त्यांतला एक जरी गळाला, तरी पूर्ण फाइल निकामी होई. मग लोक गटात याचना करत आणि कोणी तरी पुन्हा सगळेच्या सगळे तुकडे चढवी. पुढे 'पार' नावाच्या फाइली आल्या. त्यांत गणिती युक्तीने असे काही जादा तुकडे तयार करतात की मूळचे जितके गळले असतील तितके जादा तुकडे जवळ असले, तर कोणतेही गळलेले तुकडे परत घडवता येतात. मला ही युक्ती फार सुंदर वाटते. साधने तोकडी होती, पण त्यातूनही वाट काढणाऱ्यांची बुद्धी अशी लखलखीत होती.

परंतु या यशानेच सर्व्हर चालवणाऱ्यांचे कंबरडे मोडले. फाइलींचे गट बहुतेक 'ऑल्ट' शाखेत होते आणि पाहता पाहता यूजनेटवरील मजकुराचा फार मोठा भाग त्यांनीच व्यापला. अक्षरांतली चर्चा त्यापुढे नगण्य झाली. आता यूजनेटची मूळ मांडणी आठवावी: आपले ग्राहक वाचोत वा न वाचोत, सर्व्हरने सगळे आणून साठवायचे. इंटरनेट पुरवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीचे मूठभर ग्राहकच यूजनेट वापरत असले, तरी तिला दररोज सगळा भार ओढून आणावा लागे. फाइलींत बराचसा माल चोरीचा, म्हणजे स्वामित्वहक्क मोडून टाकलेला असे, त्यामुळे कायद्याच्या नोटिसाही येत. जून २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे ८८ गटांत आढळल्याचे जाहीर केले आणि इंटरनेट कंपन्यांशी करार केले. गुन्हा भयंकर होता आणि त्यावर कारवाई व्हायलाच हवी होती. कंपन्यांनी मात्र ते ८८ गट तेवढे बंद केले नाहीत. टाइम वॉर्नर केबलने यूजनेट सेवाच बंद केली, आणि व्हेरायझनने 'ऑल्ट'सकट बाकी सगळे वगळून फक्त मुख्य आठ शाखा ठेवल्या. खर्चिक आणि डोकेदुखीची झालेली सेवा आवरती घेण्यासाठी त्यांना सबळ निमित्त मिळाले, असेच मला वाटते. २० मे २०१० रोजी, जेथे ही कल्पना जन्मली त्या ड्यूक विद्यापीठानेच आपला यूजनेट सर्व्हर बंद केला.

फाइली देण्याघेण्याचे काम तोवर दुसरीकडे सरकले होते. १९९९ मध्ये आलेल्या नॅपस्टरमध्ये गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असे, त्यामुळे न्यायालयाच्या आदेशानंतर २००१ मध्ये ती यादी बंद झाली आणि सगळेच थांबले. ब्रॅम कोहेन यांचे बिटटॉरेंट २००१ मधलेच. त्यात फाइलीचे तुकडे घेणाऱ्या प्रत्येकाकडून इतरांनाही तुकडे दिले जातात, म्हणजे मागणी वाढेल तसा पुरवठाही वाढतो. जो घेतो तोच देतो, त्यामुळे यूजनेटला छळणारा खर्चाचा प्रश्न येथे मुळातच सुटला. लिनक्सच्या मोठ्या फाइली आजही या मार्गाने कायदेशीरपणे वाटल्या जातात.

मग टॉरेंटलाही उतरती कळा का लागली? स्वस्त स्ट्रीमिंग आले हे खरे आहे. पण आणखी एक कारण तांत्रिक आहे आणि आपल्या देशात ते फार लागू पडते. असे थेट देणेघेणे चालायचे तर माझ्या संगणकापर्यंत दुसऱ्याला बाहेरून पोहोचता आले पाहिजे. २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे आपल्याकडे कोट्यवधी लोकांचे इंटरनेट म्हणजे मोबाइल झाला. मोबाइल कंपन्या सहसा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात आणि बाहेरून आपणहून येणाऱ्या जोडण्या आत सोडत नाहीत. शिवाय बॅटरी वाचवण्यासाठी पडद्याआडचे काम फोन स्वतःच थांबवतो. अशा उपकरणाला घेता येते, देणे मात्र जड जाते, आणि देणाऱ्यांवाचून ही पद्धत लंगडी पडते.

फाइली पाठवण्याच्या एफटीपी या नियमसंचाचाही येथे उल्लेख करायला हवा, कारण त्याचा पहिला मसुदा आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांनी एमआयटीत असताना १९७१ मध्ये लिहिला. सर्व्हरवरून फाइल उतरवून घेण्याचा तो पन्नास वर्षांचा राजमार्ग. त्यात पासवर्ड उघडाच पाठवला जातो आणि आदेशांसाठी एक व फाइलीसाठी दुसरी अशा दोन जोडण्या लागतात, त्यामुळे आजच्या सुरक्षेच्या व्यवस्थेत तो बसेना. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी त्याला निरोप दिला.

उरतो प्रश्न जुन्या मजकुराचा, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत कळकळीचा आहे. यूजनेटचे सर्व्हर जुने संदेश ठराविक काळाने पुसत असत, तरीही काही शहाण्या माणसांनी ते जपले. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ ते १९९१ या काळातील संदेश चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. अशा १४१ फिती होत्या. १९९५ मध्ये देजा न्यूज या कंपनीने यूजनेटचा शोधता येणारा संग्रह सुरू केला, २००१ मध्ये तो गूगलने विकत घेतला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस या फितींची भर घालून सत्तर कोटींहून अधिक संदेश लोकांसाठी खुले केले. तेव्हा सर्वांना हायसे वाटले. पण ज्याच्या प्रती हजारो ठिकाणी असत ते आता मुख्यत्वे एकाच कंपनीच्या कपाटात गेले, आणि पुढे त्या संग्रहातील शोधण्याची सोय उत्तरोत्तर कमकुवत होत गेली.

कंपनीच्या कपाटाचा भरवसा किती, हे याहू ग्रुप्सने दाखवून दिले. आपल्याकडच्या किती तरी कुटुंबांचे, शाळेच्या तुकड्यांचे, परदेशी गेलेल्या बडोदेकरांचे समूह तेथे होते. २०१९ च्या अखेरीस याहूने तेथील जुना मजकूर आणि फोटो काढून टाकले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवा बंद केली. आज तेच समूह व्हॉट्सॲपवर आहेत. तेथले बोलणे बाहेरच्या कोणाला वाचता येत नाही आणि कोणत्याही शोधयंत्राला सापडत नाही. खासगी गप्पांसाठी हे उत्तमच आहे. परंतु एखाद्याने तेथे सूरसागराच्या जुन्या आठवणी किंवा घरच्या गौरीगणपतीच्या रीती मन लावून लिहिल्या, तर त्या त्या समूहाबाहेर कोणाच्याच हाती लागत नाहीत.

यूजनेट पूर्णपणे बंद पडलेले नाही. फाइलींचा व्यवहार पैसे घेणाऱ्या मोजक्या मोठ्या कंपन्यांकडे एकवटला आहे. निव्वळ अक्षरांच्या चर्चेसाठी 'इटर्नल सप्टेंबर' नावाचा सर्व्हर मोफत खाते देतो, आणि थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममधून त्याला जोडता येते. सी या प्रोग्रामिंग भाषेच्या गटासारख्या ठिकाणी आजही जाणकार लोक लिहितात. २०२३ च्या अखेरीस जाहिरातींचा जो पूर यूजनेटवर आला होता तो मोठ्या प्रमाणात गूगल ग्रुप्सच्या वाटेने येत होता. ती जोडणी तुटल्यावर पुष्कळ गट बऱ्याच वर्षांनी स्वच्छ झाले. वाचकसंख्या रोडावली, हेही खरे.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत असलेल्या आणि मराठीच्या किंवा भारतीय संगीताच्या गटात लिहिणाऱ्या पिढीतले पुष्कळ जण आता निवृत्त झाले आहेत आणि काही बडोद्यास परतलेही आहेत. त्या काळी यूजनेट वाचण्याचे प्रोग्राम आवडते संदेश स्वतःच्या संगणकावर जपून ठेवू देत. घरातल्या एखाद्या जुन्या सीडीवर किंवा हार्ड डिस्कवर अशी फाइल असेल, तर ती टाकून देऊ नये. तिची एक प्रत काढावी, तिच्यातील खासगी पत्रे वेगळी करावीत आणि उरलेला भाग इंटरनेट अर्काइव्हवर चढवावा, कारण तेथे यूजनेटचे जुने संग्रह आधीपासून ठेवलेले आहेत आणि मराठीची भर त्यांत पडायला हवी. त्या फाइली साध्या अक्षरांच्या असतात, त्यामुळे कोणताही आजचा संगणक त्या जशाच्या तशा उघडतो.